दगड तसेच ठेवतो, मधला मुरूम नेऊ का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. नागपूरच्या पश्चिमेला, काटोल रोडच्या पट्ट्यात तुमचं वडिलोपार्जित वावर आहे. वावराचं वरचं टोक बरड, तिथं काही पिकत नाही, आणि तिथंच मोठ्या काळ्या दगडांची गोल कोंडाळी आहेत. त्यातल्या काहींजवळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे, नाल्यापलीकडची मात्र कुणाच्या खिजगणतीत नाहीत. पांदण रस्ता पावसाळ्यात चिखलात बुडतो, म्हणून कोंडाळ्यांच्या मधला मुरूम उचलून रस्त्यावर टाकायचा विचार आहे. दगडांना हात लावणार नाही, असं तुम्ही आवर्जून लिहिलंय. शिवाय चार प्रश्न आहेत: आत सोनं असतं का, तिथं शेती करता येते का, घर बांधता येईल का, आणि नाल्यापलीकडच्या कोंडाळ्यांबद्दल कळवलं तर जमीन जाईल का.

मुरूम नेऊ नका. एखादा दगड हलला तर तो कुठं रोवलेला होता याची खळी निदान जमिनीत राहते. मधला मुरूम निघून गेला तर मागे काहीच राहत नाही.

विदर्भातली ही शिळावर्तुळं मोजण्यात आणि त्यांचे नकाशे काढण्यात माझ्या नोकरीचा मोठा भाग गेला, काही थोडी उकरण्याचंही काम वाट्याला आलं. गावोगाव हाच समज भेटतो की दगड म्हणजे स्मारक आणि मधली जागा रिकामी. तुमचा हेतू चांगलाच आहे, पण गोष्ट नेमकी उलटी आहे. दगडांची रांग ही फक्त कड. स्मारक त्या कडेच्या आत आहे, आणि जो उंचवटा तुम्हाला मुरमाचा ढीग वाटतो तो माणसांनी एका दफनावर थरांनी रचलेला आहे. 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातही ‘प्राचीन स्मारक’ या शब्दाच्या व्याख्येत इमारतींच्या जोडीनं दफनाचा उंचवटा आणि दफनाची जागा ही स्पष्ट नावं घेऊन घातली आहेत. म्हणजे फलक लावलेल्या वर्तुळातला मुरूम उचलणं हे कायद्याच्या नजरेत भिंत पाडण्यासारखंच आहे.

हा उंचवटा कसा रचला, ते एकदा समजून घ्या.

इसवी सनापूर्वीच्या हजार वर्षांतली ही गोष्ट आहे, साधारण इ. स. पू. 1000 ते 300 असा काळ धरला जातो. लोखंड वापरणारे, घोडे पाळणारे, शेती आणि गुरं दोन्हींवर जगणारे हे लोक. लिपी नव्हती, त्यामुळे राजाचं नाव नाही, राज्याचं नाव नाही. पुरातत्त्वात त्यांना महापाषाणीय म्हणतात. या भागातले जुने लोक ही वर्तुळं गवळ्यांची म्हणून सांगत, आणि गुरंढोरं बाळगणाऱ्या लोकांशी त्यांचं नातं जोडणं अगदीच निराधार नव्हतं.

दफनासाठी त्यांनी काळी, कसदार जमीन सहसा वापरली नाही. बरडी, मुरमाड, उताराची जागा निवडली, पण पाण्यापासून फार लांबची नाही. तुमच्या वावराचं वरचं टोक पिकत नाही आणि वर्तुळं तिथंच आहेत, याचं कारण हेच. मधोमध उथळ खड्डा खणला, किंवा मुरमाचा पृष्ठभाग साफ करून घेतला. पुष्कळदा अख्खा मृतदेह ठेवलाच नाही. देह आधी दुसरीकडे ठेवून, नंतर निवडक हाडं आणून इथं पुरली. म्हणून काही वर्तुळांत मोजकीच हाडं सापडतात, काहींत एकाहून अधिक माणसांची, आणि काहींत एकही नाही. हाडांसोबत भांडी, लोखंडी हत्यारं, तांब्याच्या वस्तू, मणी ठेवले. त्यावर काळी चिकण माती भरली. मग मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्या दगडांचा आणि मुरमाचा थर चढवला, आणि भोवती मोठे दगड बसवले. इथला दगड बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्टच. अशा वर्तुळांचा व्यास बऱ्याचदा 10 ते 15 मीटर भरतो, काही त्याहून मोठी आहेत.

काळ्या मातीचा तो थर माझ्या मते सगळ्यांत बोलका. बरडावर काळी माती नसते. ती खालून, नाल्याकाठून वाहून आणावी लागते. किती माणसांनी, किती खेपांत आणली असेल याचा अंदाज थराची जाडी आणि पसारा मोजून बांधता येतो, आणि त्यावरून त्या मेलेल्या माणसासाठी किती हात एकत्र आले होते हे कळायला लागतं. तुम्ही वरचा मुरूम फावड्यानं किंवा जेसीबीनं काढलात की हा थर उघडा पडेल. उन्हाळ्यात तो तडकेल, पहिल्या दोन पावसांत वाहून जाईल, आणि त्याखालची भांडी ट्रॅक्टरच्या चाकाखाली येतील.

आता आत काय दिसतं ते जवळून सांगतो. उत्खननात वर्तुळाचे चार भाग करतात आणि मध्ये मातीच्या उभ्या पट्ट्या न खणता ठेवतात, म्हणजे बाजूच्या कापात थर वाचता येतात. वर गवताच्या मुळांचा राखाडी थर, खाली दगड-मुरमाचा पिवळट तांबूस भराव, आणि त्याखाली एकदम काळी रेघ. त्या रेघेत भांडी असतात, आणि ती जवळपास नेहमी फुटलेली असतात, कारण वरचं सगळं ओझं त्यांनी पेललेलं असतं. पण फुटून विखुरलेली नसतात. एका भांड्याच्या सगळ्या खापऱ्या हातभर जागेत, जशा दाबल्या गेल्या तशा बसलेल्या. बाहेरून तळाला तांबडी, आतून आणि काठाला काळी अशी ही भांडी उलटी घालून भाजल्यामुळे दोन रंगांची होतात. त्यांच्याजवळ लोखंडी कुऱ्हाड मिळते. विदर्भातली कुऱ्हाड ओळखू येते: पात्याला दांड्यासाठी भोक नसतं, पातं दांड्यात बसवून वरून लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या आवळलेल्या असतात. दांड्याचं लाकूड कधीच कुजून गेलेलं असतं, पण गंज चढताना लाकडाच्या रेषा त्या गंजातच उमटून राहतात. भिंगाखाली धरलं तर दिसतात. ती कुऱ्हाड कुदळीच्या एका फटक्यानं वर आली, तर तुमच्या हातात गंजका तुकडा येतो. रेषा ढपल्यांबरोबर मातीत पडलेल्या असतात.

कुऱ्हाड कुणीकडे तोंड करून होती, हाडांच्या कोणत्या बाजूला होती, तिच्यावर भांडं होतं की भांड्यावर ती, या गोष्टींवर आमची सगळी भिस्त असते. वस्तू हाती असून जागा माहीत नसेल, तर पंचनाम्याआधीच घटनास्थळ झाडून काढल्यासारखं होतं.

माहुरझरीचं उदाहरण तुमच्या अगदी जवळचं आहे. नागपूर विद्यापीठाच्या वतीनं शां. भा. देव यांनी 1970 ते 1972 मध्ये तिथं उत्खनन केलं. माणसांच्या दफनाजवळ घोड्यांचे अवशेष मिळाले, लोखंडी लगाम मिळाले, आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले. घोड्यांच्या काही हाडांवर धारदार हत्याराच्या खुणा आहेत, म्हणजे दफनाच्या विधीत घोडा मारला गेला असावा असं मानलं जातं. हा दागिना बाजारात सुटा आला असता, तर तो कशाचा हे ओळखणंसुद्धा अवघड झालं असतं. घोड्याच्या कवटीसोबत मिळाला, म्हणून तो घोड्याचा. पुढे 2000 नंतरच्या उत्खननांत माहुरझरी हे मणी बनवण्याचं मोठं केंद्र होतं हेही पक्कं झालं. तांबड्या अकीकाचे तयार मणी, अर्धवट घडवलेले मणी, फेकून दिलेल्या ढलप्या, सगळं तिथं आहे.

मणी घडवणाऱ्यांचा हा कचरा वर्तुळांच्या बाहेर आहे, हे लक्षात ठेवा. तुमच्या घराच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. बरीच वर्षं संशोधकांना फक्त वर्तुळं दिसत होती. 1867 च्या सुमारास रिवेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं तुमच्या शेजारच्या जुनापाणीची वर्तुळं उकरली आणि 1879 मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्याच सुमाराला मेजर पिअर्स यानं कामठीच्या छावणीजवळ वारेगावचा एक मोठा दफन-उंचवटा उकरला. दोघांनाही वस्तू हव्या होत्या, आणि वस्तू मिळाल्या. मग ही माणसं राहत कुठं होती, हा प्रश्न जवळपास शंभर वर्षं तसाच राहिला. देव यांनी 1968-69 मध्ये टाकळघाट आणि खापा इथं काम केलं, तेव्हा एकीकडे वस्ती आणि दुसरीकडे वर्तुळं अशी जोडी हाती आली. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नैकुंड इथं देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी 1978 ते 1980 मध्ये खणलं, तर वस्तीच्या जागी लोखंड गाळायची भट्टी सापडली. भात्याच्या मातीच्या नळ्या सापडल्या, लोहमळ, म्हणजे लोखंड गाळताना उरणारी मळी, सापडली. वर्तुळातली कुऱ्हाड आणि नदीकाठची भट्टी एकाच समाजाची, हे नैकुंडमुळे हातात धरून दाखवता आलं. नैकुंडला फक्त दगडांभोवती तार ठोकून बाकी रान सोडून दिलं असतं, तर ती भट्टी वखराखाली गेली असती.

म्हणून वर्तुळाच्या आसपासची जागा, विशेषतः खालच्या अंगाला, नाल्याकाठी, जिथं बरड संपून काळी जमीन सुरू होते तो पट्टा, डोळ्यांत तेल घालून पाहायचा असतो. तुमच्या वावरात खापरं, राखेरी माती, जड काळसर मळीचे तुकडे कुठं निघतात का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना माहीत असतं. त्यांना कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

जुनापाणीबद्दल थोडं आणखी सांगायलाच हवं, कारण तुमचा पट्टा त्याच शेजारचा आहे. तिथं सुमारे 300 वर्तुळांची नोंद आहे आणि ते केंद्रानं संरक्षित केलेलं स्थळ आहे. 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे तिथं पद्धतशीर उत्खनन केलं. तिथल्या काही दगडांवर बोटाचं टोक बसेल असे गोल खळगे रांगेत कोरलेले आहेत, कधी सरळ ओळीत, कधी फुलीच्या आकारात. तुमच्याकडच्या दगडांवर ते असतील तर भर दुपारी दिसणार नाहीत. सकाळी ऊन तिरपं असताना जा, दगडाच्या पृष्ठभागाशी डोळा जवळ नेऊन पाहा. खळग्याच्या एका बाजूला सावलीची बारीक कोर पडते. नैसर्गिक खड्डा वेडावाकडा असतो, कोरलेल्याचा काठ गोल आणि आतला भाग गुळगुळीत. या खळग्यांचा सूर्याच्या उगवण्याच्या दिशेशी संबंध असावा असा विचार काही अभ्यासकांनी मांडला आहे. मला तो विचार आकर्षक वाटतो, पण सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही, कारण दिशेचा अभ्यास करायचा तर दगड मूळ जागीच उभे हवेत, आणि किती तरी वर्तुळांतले दगड धुऱ्यावर, विहिरीच्या काठावर, गिट्टीच्या मशीनमध्ये गेलेले आहेत. म्हणून खळगे सापडले तर त्यांत चुना, गेरू, खडू काही भरू नका. फोटोत नीट यावेत म्हणून लोक भरतात, आणि तो रंग निघता निघत नाही.

सोन्याबद्दल. सोनं कधी मिळालंच नाही असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. विदर्भातल्या मोजक्या दफनांत सोन्याचे दागिने मिळाले आहेत. पण बहुतेक वर्तुळांत ते नसतंच. असतात ती खापरं, गंजलेलं लोखंड, हिरवं पडलेलं तांबं. सोन्याच्या आशेनं रात्री मधोमध खड्डा मारलेली वर्तुळं मी पाहिली आहेत. त्या खड्ड्यांच्या काठावर ताज्या फुटलेल्या खापऱ्यांचे ढीग असतात, कडा अजून तांबड्या. कुणाच्या हाती काही लागलेलं नसतं आणि दफन मात्र कायमचं गेलेलं असतं. गावात सोन्याची चर्चा सुरू असेल, तर तुम्ही घरचे म्हणून ती लगेच थांबवा. फलकाजवळच्या वर्तुळांना राखणदार असू शकतो, नाल्यापलीकडच्यांना तुमच्याशिवाय कुणी नाही. आणि शेतात काम करताना खरंच काही वर आलं, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे 10 रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत दडलेलं काहीही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. वस्तू धुऊ नका, घासू नका. जिथं सापडली तिथं खुंटी ठोका आणि फोटो घ्या.

शेतीचं. यासाठी आधी एक गोष्ट शोधून काढावी लागेल: तुमचा गट नंबर संरक्षित क्षेत्राच्या आत येतो, की त्याच्या बाहेरच्या 100 मीटरांत, की त्यापुढच्या 200 मीटरांत. फलक पाहून हे कळत नाही, कारण अंतर फलकापासून मोजत नाहीत. अधिसूचित हद्दीच्या कडेपासून मोजतात. नागपूरला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय आहे. तिथं सातबारा आणि गावनकाशाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि अधिसूचनेत कोणते सर्वे नंबर आहेत ते लेखीच मागा. जुने सर्वे नंबर आणि आताचे गट नंबर जुळवून घ्यायला तलाठ्याची मदत लागेल. ही खटपट एकदा केली की पुढच्या पिढीचीही काळजी मिटते.

जमीन संरक्षित क्षेत्राच्या आत येत असेल, तर 1958 च्या कायद्याचं कलम 19 तुमच्या कामाचं आहे. त्यात बांधकाम, खाण, खोदाई, सुरुंग यांना परवानगीशिवाय मनाई आहे, पण शेतीला एक सूट आहे: जमीन एक फुटाहून खोल खणली जात नसेल, तर वहिवाट करता येते. वखर, डवरणी, साधी पेरणी यात बसते. ट्रॅक्टरची खोल नांगरट बसत नाही. ही सूट पुरातत्त्वीय ‘क्षेत्रा’साठी आहे, प्रत्यक्ष वर्तुळाच्या अंगावर नांगर घालायला नाही. उंचवट्यावर कसलंच अवजार चालवू नका. कडेच्या दगडांपासूनही थोडी जागा सोडून वळा, कारण दगडाच्या बुंध्याशी जो लहान दगडांचा टेकू असतो तो फाळानं निघाला की चार-दोन पावसाळ्यांत मोठा दगड बाहेरच्या अंगाला कलतो.

गुरं चरायला हरकत नाही. आग मात्र नको. तापून एकदम थंड झालेल्या बेसाल्टचे पापुद्रे सुटतात आणि खळगे त्यांच्यासोबत जातात. उंचवट्यावर झाड लावू नका, कुणी सामाजिक कामाच्या उत्साहात लावायला आलं तरी नको म्हणा. मुळं सरळ त्या काळ्या मातीत शिरतात, कारण ओल तिथंच टिकते. मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते ती पाणलोटाच्या समतल चरांची आणि शेततळ्यांची. कामं चांगलीच आहेत, विदर्भाला हवीच आहेत, पण आखणी करणाऱ्याच्या कागदावर बरड म्हणजे रिकामी जागा असते, आणि चराची सरळ रेघ वर्तुळाच्या पोटातून जाते. ग्रामपंचायतीत असं काम ठरत असेल तर आखणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि वर्तुळं दाखवा. चर दहा हात वर-खाली सरकवला तरी पाणी तेवढंच अडतं.

घराचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून 100 मीटरांत नवं बांधकाम होत नाही, त्यासाठी परवानगी देण्याची सोयच कायद्यानं ठेवलेली नाही. 16 जून 1992 पूर्वीचं घर असेल, तर दुरुस्तीची परवानगी मागता येते. त्यापुढच्या 200 मीटरांत बांधता येतं, पण आधी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर. मुरूम काढण्यालाही हीच अंतरं लागू होतात, कारण ही अंतरं ठरवणारी 1992 ची अधिसूचना बांधकाम आणि खाणकाम दोन्हींसाठी आहे. शिवाय मुरूम गौण खनिजात येतो, त्याची महसुलाची परवानगी वेगळी. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे भीती घालायला सांगत नाही. नागपूर पश्चिमेकडे पसरत चाललंय, लेआउटवाले तुमच्या दारात येतील आणि ‘फलकाचं काही नसतं, मॅनेज होतं’ म्हणतील. प्लॉट घेणारा पुढे अडकतो आणि विकणाऱ्याच्या दारात येऊन उभा राहतो. पांदणीसाठी मुरूम दुसऱ्या जागेहून आणा. ग्रामपंचायतीला लेखी कारण दिलंत तर तेही मार्गी लागतं.

नाल्यापलीकडची कोंडाळी खरीच शिळावर्तुळं आहेत का, हे आधी तपासून घ्या. शेतकरी वेचलेले दगड एका जागी टाकतात, तोही कधी कधी गोल ढीग होतो. वेचलेल्या ढिगात दगड एकावर एक सैल पडलेले असतात, पायानं हलतात, आणि मोठे-लहान मिसळलेले असतात. वर्तुळात मोठे दगड फक्त कडेला, एकमेकांना जवळजवळ लागून, निम्मे जमिनीत गेलेले. जमिनीच्या वरच्या भागावर दगडफुलाचे राखी डाग चढलेले. मधला भाग काठाकडून मध्याकडे हळूहळू चढतो. पावसाळा सरत आला की उंचवट्यावरचं गवत आजूबाजूच्या आधी पिवळं पडतं, कारण खाली दगडांचा भराव असतो आणि पाणी झिरपून जातं. पिकं निघाल्यावर, माघ-फाल्गुनात सकाळी गेलात तर लांब सावल्यांत वर्तुळ बांधावरूनच ओळखू येईल.

मग मोजमाप घ्या. दोरी एका काठापासून समोरच्या काठापर्यंत धरा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी दोनदा. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश दिसतात, ते प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर उभं राहून लिहून घ्या. फोटोत मोजपट्टी किंवा काठी ठेवा. कडेचे दगड मोजा, कोणते पडलेत, कोणते नाहीत ते हातानं काढलेल्या साध्या आकृतीत दाखवा. कुणी आधी खड्डा मारला असेल तर तोही दाखवा, झाकून ठेवू नका. उकरलेल्या वर्तुळातही काठाशी न हललेली माती उरलेली असते. हे सगळं कागदावर उतरवून एक प्रत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला, एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला आणि एक ग्रामपंचायतीला द्या. तिन्हींची पोचपावती घ्या.

जमीन जाईल का, हा तुमच्या घरात सगळ्यांत मोठ्यानं विचारला जाणारा प्रश्न असणार. नोंद झाली म्हणून वर्तुळ लगेच संरक्षित होत नाही. केंद्राला ते संरक्षित करायचं असेल तर आधी राजपत्रात इरादा जाहीर करावा लागतो, त्याची प्रत जागेवर लावावी लागते, आणि तुम्हाला हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. संरक्षित घोषित झालं तरी सातबाऱ्यावरची मालकी त्या घोषणेनं बदलत नाही. देखभालीसाठी मालकाशी करार करण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि खात्यानं उत्खनन केल्यामुळे नुकसान झालं तर भरपाईचीही आहे. वापरावर बंधनं येतात, हे खरं, आणि ती वर सांगितलेलीच. त्यामुळे नाल्यापलीकडे विहीर, गोठा, घर असं काही मनात असेल तर ते पत्रातच लिहा आणि वर्तुळांपासून किती लांब आहे ते आकृतीत दाखवा. पाहणीला माणसं येतील तेव्हा ती जागा त्यांना पायी फिरून दाखवता आली, तर हद्द आखताना तुमची अडचण त्यांच्या डोळ्यांसमोर असते. माहुरझरी आणि जुनापाणी तुमच्यापासून लांब नाहीत, तेव्हा तुमच्याकडची वर्तुळं त्याच मोठ्या समूहाचा भाग असण्याची शक्यता बरीच आहे. मापं आणि फोटो तयार झाले की मलाही पाठवा, दगडांची रांग आणि भराव पाहून मी जमेल तेवढं सांगेन.